दातात साठलेलं पाणी: गुहागरजवळच्या दोन दिवसांच्या शिबिराबद्दल

मी चिपळूणला दातांचा दवाखाना चालवते. येत्या जूनमध्ये बावीस वर्षं पूर्ण होतील. किती दात काढले याची मोजदाद नाही. पण गेल्या महिन्यात गुहागरजवळच्या एका वाडीत दोन दिवस राहून आले आणि सोमवारी सकाळी पहिल्याच पेशंटची काढलेली दाढ कचऱ्याच्या डब्यात टाकायला हात धजेना. म्हणून हे सविस्तर लिहितेय. जायचं की नाही असा विचार करणाऱ्यांना उपयोग होईल.

शिबिराचा विषय असा की जुन्या हाडांत आणि दातांत ज्या रासायनिक खुणा राहतात, त्यांवरून त्या काळचा पाऊस, गवत, पाणी, समुद्र कसा ओळखायचा. शनिवारी सकाळी नऊ ते रविवारी दुपारी चार. राहणं-जेवण धरून माणशी साडेतीन हजार रुपये. आम्ही चौदा जण होतो. शिकवणाऱ्या मॅडम भूशास्त्राच्या. नोकरीची सगळी वर्षं पुण्यात काढून आता माहेरच्या घरी परतल्यात. स्वयंपाकपाणी, खोल्या हे त्यांच्या वहिनी बघतात. दोघींना जाहिरात नको आहे आणि शिबिराला त्यांनी नावही दिलेलं नाही, म्हणून मीही इथे नाव देत नाही.

पडवीत सतरंज्या घातल्या होत्या. बसल्या बसल्या मॅडमनी तीन बश्या पुढे सरकवल्या. एकीत आदल्या रात्रीच्या मटणातलं नळीचं हाड, स्वच्छ धुतलेलं. दुसरीत सड्यावर तीन-चार पावसाळे खाल्लेलं गुराचं हाड. तिसरीत गोदावरीकाठच्या गोट्यांच्या थरातून निघालेला, कुठल्याशा मोठ्या जनावराच्या पायाचा तुकडा. तो एका कॉलेजच्या संग्रहातून दोन दिवसांपुरता मागून आणला होता. "आधी हातात घ्या, मग बोलू," म्हणाल्या. पहिलं हाड हाताला ओशट लागलं. दुसरं खडूसारखं हलकं, बोटाला पांढरी पूड येत होती, नखाने ओरखडा उठत होता. तिसरं थंड आणि दगडासारखं जड. नाण्याने टिचकी मारली तर चिनीमातीच्या कपासारखं वाजलं. तिन्ही हाडंच. मधे काय काय झालं, तोच दोन दिवसांचा विषय.

हाड म्हणजे दोन वस्तूंची वीण. कोलॅजेन हे प्रथिन आणि त्यात रुतलेलं खनिज. वहिनींनी आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवलेलं कोंबडीचं हाड आणलं. खनिज विरघळून गेलेलं, त्यामुळे ते सुंभासारखं वाकत होतं. दुसरं चुलीत भाजलेलं, त्यातलं प्रथिन जळून गेलेलं. ते बोटांत धरलं आणि चुरा झाला. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं, पण हातात कधी घेतलं नव्हतं. यातलं जे खनिज आहे ते कॅल्शियम आणि फॉस्फेटचं, अ‍ॅपेटाइटच्या जातीचं, आणि स्वभावाने फार भिडस्त. शेजारी कुणी आलं की जागा देतं. कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम, बेरियम, शिसं बसतं. फॉस्फेटच्या जागी कार्बोनेट. हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड. जे पाण्यातून, अन्नातून आलं ते आत जाऊन बसलं.

फ्लोराइडचं नाव निघालं तशी मला माझी एक पेशंट आठवली आणि मी बोललेही. यवतमाळकडची मुलगी, लग्न होऊन आमच्याकडे आलेली. पुढच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे. सासरच्यांना वाटायचं, नीट घासत नाही. खरं म्हणजे लहानपणी तिने ज्या बोअरवेलचं पाणी प्यायलं, त्यात फ्लोराइड जास्त होतं. दात हिरडीच्या आत तयार होत असताना ते त्यात बसलं आणि आता कितीही घासलं तरी जाणार नाही. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, एकदा तयार झालं की शरीर त्याला पुन्हा हात लावत नाही. हाड आयुष्यभर मोडत आणि बांधत राहतं, इनॅमल नाही. पहिल्या कायमच्या दाढेचा मुकुट, म्हणजे हिरडीबाहेर दिसणारा भाग, जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत घडतो, अक्कलदाढेचा शाळेच्या वयात. त्या त्या वर्षांचं पाणी तिथे कायमचं बंद. मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही रोज हेच वाचताय. आम्ही तेच दहा लाख वर्षांपूर्वीच्या बैलाचं वाचतो." त्या क्षणी माझे साडेतीन हजार वसूल झाले.

मग ऑक्सिजन. याला मॅडमनी भरपूर वेळ दिला आणि ते योग्यच होतं. ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वजनाचे, पण हजारात साधारण दोन १८ वजनाचे असतात. पाणी आटताना हलका ऑक्सिजन लवकर उडतो, जड मागे राहतो. ढगातून पडताना जड आधी पडतो. म्हणून उन्हाळ्यात आटत आलेल्या तळ्याचं पाणी 'जड' आणि जुलैत कोसळणाऱ्या पावसाचं पाणी 'हलकं'. गाय-म्हैस काय किंवा आपण काय, अंगाची ऊब सदतीस अंशांच्या आसपास ठरलेली, त्यामुळे दातात जो फरक दिसतो तो अंगाच्या तापमानाचा नाही, पिण्याच्या पाण्याचा.

हे सांगून त्यांनी गुराची एक दाढ काढली, उकळून साफ केलेली, चांगली लांब. गुरांच्या दाढा उंच असतात आणि टोकाकडून मुळाकडे वाढतात. म्हणजे टोक आधीचं, मुळाजवळचं नंतरचं, मधे सुमारे वर्षभराचा हिशेब. पेटीतून त्यांनी ड्रिल काढलं आणि त्याला जो बर, म्हणजे कोरायचं टोक, लावला तो मी रोज वापरते तोच, गोल तोंडाचा हिऱ्याचा बर. माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "तुमचा हात स्थिर असणार." दवाखान्यात आम्ही पाण्याच्या फवाऱ्याखाली भरधाव कापतो. इथे पाणी चालत नाही आणि दात तापूनही चालत नाही. वेग अगदी कमी ठेवून, दोन-दोन मिलिमीटरवर आडव्या रेघा ओढायच्या आणि प्रत्येक रेघेची पूड वेगळ्या बटरपेपरवर झटकून घ्यायची. एका रेघेला जेमतेम पाच-सहा मिलिग्रॅम, चिमटीत धरता येणार नाही एवढी. बावीस वर्षं मी ती पूड थुंकीबरोबर बेसिनमध्ये वाहून जाताना पाहिली आहे. त्या दिवशी मी तिच्यावर श्वास पडू नये म्हणून तोंड फिरवून बसले होते.

पुढचं काम तिथे होत नाही, ते प्रयोगशाळेचं. पुडीवर फॉस्फोरिक आम्ल घालतात, कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे जड आणि हलके अणू वेगळे मोजणाऱ्या यंत्रात, जातो. मॅडमनी अशाच एका दाताचा आलेख दाखवला. रेघ वर जाते, खाली येते, पुन्हा वर. खालचं टोक म्हणजे पावसाळा. जनावर विहिरीचं पाणी पीत असेल तर ही लाट चपटी होते, कारण विहिरीत सगळे ऋतू मिसळलेले असतात. आमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी आलेखावर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे हा मृगाचा पाऊस?" मॅडम म्हणाल्या, नक्षत्र नाही सांगता येणार, पण ऋतू नक्की.

दुपारी जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, भात, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. जेवताना कार्बनचा पाठ झाला आणि तो ताटावरच झाला. झाडं, भात, गहू, तूर, कुळीथ ही एका पद्धतीने हवेतला कार्बन घेतात. नाचणी, ज्वारी, बाजरी, मका, ऊस दुसऱ्या पद्धतीने, आणि त्यांच्यात कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा जड अणू, जास्त राहतो. दरहजारी मोजायचं तर पहिल्या गटाचा आकडा उणे २७ च्या आसपास, दुसऱ्याचा उणे १३ च्या. एवढा मोठा फरक दातात लपत नाही. माझी आजी डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतल्या नाचणीवर वाढली, मी रेशनच्या तांदळावर. आमच्या दोघींच्या दाढा शेजारी ठेवल्या तर हे दिसेल. आणि हल्लीच्या मुलांच्या दातांत साखर दिसेल, कारण ऊस दुसऱ्या गटातला. कीड दिसते तशी ही खूणही दिसेल, हे ऐकून मला वाईट वाटलं.

याच खुणेवरून हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक डोंगरांतली मोठी गोष्ट उलगडली. क्वेड, सर्लिंग आणि बोमन या संशोधकांनी १९८९ मध्ये पाकिस्तानातल्या जुन्या मातीच्या थरांतला कार्बन मोजून दाखवलं की सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वी तिथली झाडी मागे हटली आणि दुसऱ्या गटातलं गवत पसरलं. पुढे जनावरांच्या दातांनीही तीच साक्ष दिली. भाकरी मोडता मोडता हे कळतं, म्हणून लक्षात राहतं.

दुपारनंतरचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला: जी खूण दिसते ती जनावराची की मातीची? मेलेलं हाड जमिनीत गेलं की भूजल त्यात शिरतं. युरेनियम, लँथेनम, सेरियम अशी मूलद्रव्यं जिवंत हाडात नावालाच असतात, पण पुरलेल्या हाडात हजारो पटींनी चढतात. हाड सच्छिद्र, म्हणून लवकर बिघडतं. इनॅमल दाट, ९६ टक्के खनिज, म्हणून टिकतं.

हे मला कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी माझ्या दवाखान्यात छताला लागलं होतं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना, विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवलेल्या काढलेल्या दातांची बरणी फुटलेली सापडली. दात चिखलात विखुरलेले. कित्येक दिवसांनी वेचून धुतले तेव्हा मुळं चहासारखी तपकिरी झाली होती, मुकुटाचं इनॅमल मात्र पांढरंच्या पांढरं. ज्या दाढेचं इनॅमल फुटलं होतं, तिथे रंग आतपर्यंत गेलेला. मी ते दात फेकून दिले. आता त्याचं दुःख होतंय. आठवड्याभराच्या चिखलाने जे केलं, ते दहा हजार वर्षांत किती होत असेल, हे दाखवायला त्याहून चांगलं साधन मिळालं नसतं. मी हे सांगितल्यावर मॅडमनी फळ्यावरचं पुसलं आणि पुढचा पाऊण तास त्यावरच शिकवलं. शिकवणारी व्यक्ती अशी असावी.

मातीने घातलेली भर नेहमी वाईटच असते असंही नाही. तीच कधी साक्षीदार होते. इंग्लंडमधल्या पिल्टडाउनला १९१२ मध्ये माणसाचा पूर्वज सापडल्याचा गाजावाजा झाला होता. कवटी माणसाची, जबडा माकडासारखा. पुरलेल्या हाडात भूजलातलं फ्लोरिन हळूहळू साठतं, म्हणून एकाच थरातल्या हाडांत ते सारखं हवं. केनेथ ओकली या शास्त्रज्ञांनी ते तपासलं आणि १९५३ मध्ये बनाव उघडा पडला. जबडा ओरांगउटानचा होता, दाढा कानशीने घासलेल्या. तो फोटो मी बराच वेळ बघत राहिले. घासल्याच्या ओरखड्यांच्या रेघा स्पष्ट आहेत. दाढ चावून झिजली की अशी दिसत नाही, कुठल्याही दंतवैद्याला हे कळलं असतं.

रविवारी पहाटे किनाऱ्यावर नेलं. सुरूच्या बनातून वाळूत उतरलो. समुद्र शांत होता. आमच्याबरोबर दाभोळचे एक मच्छीमार मामा होते. त्यांनी रुमालातून दोन पांढरे खडे काढले, चिंचोक्याएवढे, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसरीकडून खाचा पडलेले. घोळ माशाच्या डोक्यातले, कानाजवळचे. "आमच्याकडे पोरं खेळायला घेतात." मॅडमनी एक खडा पाण्याने ओला करून उन्हाकडे धरला आणि भिंग दिलं. आत कांद्याच्या पाकळ्यांसारखी वलयं होती. मासा वाढतो तसा खडा वाढतो. माशाचं अंग समुद्राएवढंच गार किंवा गरम, त्यामुळे इथे ऑक्सिजन पाण्याचं तापमान सांगतो. हॅरॉल्ड युरी हे रसायनशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये याच तत्त्वावर, माकुलाच्या नात्यातल्या बेलेमनाइट नावाच्या ज्युरासिक प्राण्याच्या कवचातून त्याचे तीन उन्हाळे आणि चार हिवाळे मोजून दाखवले. मामा एवढंच म्हणाले, "म्हणजे ही त्याची वही." त्यातला एक खडा त्यांनी मला दिला. तो आता माझ्या टेबलावर आहे.

तिथेच वाळूत बसून मॅडमनी देवमाशाच्या पूर्वजाची गोष्ट सांगितली. जम्मूतल्या कालाकोट भागातून ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकांनी जीवाश्म असलेले खडक गोळा केले होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने ते जपून ठेवले आणि पुढे देवमाशांच्या पूर्वजांचे अभ्यासक हान्स थेविसन यांच्या हवाली केले. साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाचं जे हाड दिसलं ते देवमाशासारखं. प्राणी मांजराएवढा, खूर असलेला, सुमारे चार कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वीचा. त्याला इंडोहायस म्हणतात. २००७ मध्ये हे 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापून आलं. त्याच्या हाडांच्या भिंती जाड, पाणघोड्यासारख्या, आणि दातांतला ऑक्सिजन पाण्यात वावरणाऱ्याचा. म्हणजे कान, हाड आणि रसायन, तिन्ही एकच बोलले. एका बाईने नवऱ्याचे दगड फेकले नाहीत म्हणून हे कळलं, हे मला विसरता येत नाही.

दापोलीहून आलेल्या एका विद्यार्थिनीने मग मनातला प्रश्न विचारला. आपल्या कातळशिल्पांत हत्ती आहे, काही ठिकाणी गेंडा ओळखला गेलाय. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटरचा. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. मग गेंडा इथे चरत होता का? मॅडम म्हणाल्या, गुजरातेत लांघणजच्या प्राचीन वस्तीत गेंड्याचं खांद्याचं हाड मिळालंय, गोदावरी आणि मांजरा खोऱ्यांत पाणघोड्याचे जीवाश्म मिळालेत. त्यांचे दात पावडर करून कुरण कसं होतं ते विचारता येतं. आपल्याकडे विचारायला दातच नाहीत. जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. बशीतलं ते खडूसारखं हाड आठवा, तीन-चार पावसाळ्यांत त्याची ती गत. कोकणची जमीन हाड ठेवत नाही.

ठेवते ती फक्त शिंपल्यांच्या ढिगात. कालवं-तिसऱ्या खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा चुना आम्ल मारतो आणि त्यात पडलेलं हाड वाचतं. म्हणून खाडीकाठी विहीर खणताना, घराचा पाया काढताना शिंपल्यांचा जाड थर लागला आणि त्यात हाडं दिसली, तर ते भरावात ढकलू नका. फोटो काढा, खोली मोजून ठेवा, जवळच्या कॉलेजला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. हे मी मॅडमच्या वतीने नाही, माझ्या वतीने लिहितेय. मी स्वतः एक बरणी फेकली आहे.

आता उणिवा. वाटलेल्या तीस पानी टिपणातली सगळी पानं इंग्रजीत होती. दाभोळच्या मामांना ती कुणीतरी वाचून दाखवावी लागली आणि ते बरोबर नाही, कारण सगळ्यात चांगली वस्तू त्यांनीच आणली होती. चौदा जणांत एकच सूक्ष्मदर्शक, त्यामुळे मागच्यांचा अर्धा वेळ रांगेत गेला. रविवारी दुपारी इनामगावचा भाग होता. घोड नदीकाठचं ताम्रपाषाणयुगीन गाव, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असं उत्खनन केलं, दोनशेहून जास्त दफनं मिळाली, हाडांचं रासायनिक पृथक्करणही झालं. आपल्याच महाराष्ट्रातलं एवढं मोठं काम आणि ते वीस मिनिटांत उरकलं. स्ट्रॉन्शियमचंही तसंच झालं. स्ट्रॉन्शियमच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण मोजायचं तर दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा, आकडा ०.७०५ च्या आसपास, समुद्राचा ०.७०९२, आणि खाऱ्या वाऱ्याने समुद्राचा आकडा किनाऱ्याच्या मातीत येतो, इथवर आलं आणि घाटमाथ्यावरून आलेला माणूस हाडावरून कसा ओळखायचा हे ऐकायच्या आधी चहा आला. तिसरा दिवस जोडला तर मी पाच हजारही देईन.

खोल्या साध्या, स्वच्छ. संडास-बाथरूम मागीलदारी आहे, रात्री टॉर्च लागतो, म्हाताऱ्यांनी विचार करून जावं. शनिवारी रात्री दोन तास वीज नव्हती. सकाळचे घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार उत्तम. आठवीच्या पुढच्या मुलांना न्यायला हरकत नाही, त्याखालची कंटाळतील. चिपळूणहून गाडीने सव्वा तास लागतो. पावसाळ्यात शिबिर बंद असतं.

निघताना मी मॅडमना विचारलं की सरावाला दात कुठून आणता. म्हणाल्या, गुरांचे मिळतात, माणसांचे कोण देणार? दिवाळीनंतरच्या शिबिरात मी नाव घातलंय. तोवर पेशंटची परवानगी घेऊन, प्रत्येक दाढेच्या डबीवर वय, जन्मगाव आणि लहानपणी प्यायलेलं पाणी विहिरीचं की नळाचं हे लिहून ठेवतेय. आजवर अकरा डब्या झाल्या. यवतमाळच्या त्या मुलीची अक्कलदाढ पुढच्या आठवड्यात काढायची आहे. तिने आपणहून सांगितलंय, माझीही ठेवा.